चार्ज

बुधवारी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना
गेनबा शेडगे खिडकीशी आले.
साताऱ्याच्या सैनिक कार्यालयात म्हातारी माणसं येतात ती
हयातीच्या दाखल्यासाठी, म्हणून मी फॉर्म पुढं सरकवला.
त्यांनी तो माझ्याकडं परत सरकवला
आणि पिशवीतून काढली
युरियाच्या गोणीत गुंडाळलेली वही.
"चार्ज द्यायचाय," म्हणाले. "घेणारं कोण हाय?"

वसनेकाठचं त्यांचं गाव. घरटी एक फौजी.
पोरं पहाटे डांबरी धरून पळतात, मनगटात घड्याळ.
चंदन-वंदनच्या पायथ्याला जमीन मुरमाड;
ज्वारीपेक्षा भरती बरी पिकते.

वही तळाची होती. गाझाच्या पट्टीतला तळ,
समुद्र हाकेवर, विहीर मात्र खारी.
सालोसाल एक पलटण जायची, एक यायची,
जाणारी येणारीला मोजून द्यायची:
राहुट्या बहात्तर. खाटा चारशे दहा.
पाण्याच्या टाक्या चार, पैकी गळकी एक.
खाली दोन सह्या. दिला. घेतला.

गळकी टाकी मी पुढच्या पानावर शोधली.
होती. त्याच्या पुढच्याही पानावर होती.
गुरुमुखी वळणाच्या सहीनं ती
डोंगराकडच्या एका थरथरत्या सहीला दिली,
तिनं आणखी कुणाला.
कुणी दुरुस्त केली नाही. कुणी लपवलीही नाही.

"आमच्या आधी तिथं इंग्रज," गेनबा सांगू लागले,
"त्याच्या आधी तुर्क. संडासाचा खड्डा खणताना
घोड्याचा नाल लागला,
वीतभर खाली दुसऱ्याच घोड्याचा.
शेजारी कॅनडावाले, पल्याड स्वीडनचे, ब्राझीलचे.
समद्यांच्या टोप्या निळ्या.
ज्यांचं भांडण, ती मात्र लांब. दुर्बिणीत."

पाचव्या सालाच्या पानावर, खाटांच्या खाली,
एक ओळ नव्यानं आलेली:
झाड, लिंबाचं, एक. अवस्था: वापरण्याजोगी.
कुणी लावलं ते लिहिलेलं नाही.
नवव्या सालात: झाडं तीन.
गेनबा तेव्हा कोवळे स्टोअरमन. मोजायला त्यांनाच धाडलेलं.
"मोजली. मग हात लावून परत मोजली."

शेवटचं पान जूनचं.
मोजणी पुरी, अक्षर ताठ.
दिला: सही आहे.
घेतला: कोरं.
निघायचा हुकूम झाला होता, घेणारी पलटण यायची नव्हती,
आणि बोटीच्या आधी लढाई आली.
पहिला गोळा लंगरखान्यामागं पडला.
हैबती साबळे तिथं भांडी घासत होता.
त्याच्यासाठी वहीत रकाना नव्हता.
गेनबांनी समासात लिहिलंय, पेन्सिलीनं,
हैबती, एक.

टीव्हीवर ती पट्टी दिसली
की घरचे चॅनल बदलतात.
हे बदलू देत नाहीत. चष्मा पुसून
पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहतात.
नातसुनेला वाटतं, आजोबांना ऐकू येत नाही.

मी म्हणाले, बाबा, याला नमुना नाही.
साहेब बैठकीला गेलेत. आवक शिक्का मारून ठेवते.
"शिक्का नगं. मोजून घ्या."

मग सुट्टीत, डबा तसाच ठेवून,
मी वाचत गेले, ते मान हलवत गेले.
राहुट्या बहात्तर. कंदील. तवे. खाटा.
टाक्या चार, पैकी गळकी एक.
"आता चारही," ते म्हणाले. "गोळ्या लागल्या.
बोटीवर चढताना दिसत हुत्या."
माझं पेन घेऊन त्यांनी 'एक' खोडलं,
वर 'चार' लिहिलं,
बाजूला आद्याक्षरं घातली, नियमाप्रमाणं.

झाडं तीन, मी वाचलं.
मान हलली नाही.
खिडकीची जाळी धरून ते बराच वेळ उभे राहिले,
मागं रांगेत कुणीतरी खाकरलं.
"तसंच ऱ्हाऊ द्या," म्हणाले.
"मी निघालो तवा तीन हुती."